पत्र, अंक दुसरा

तासगावचा हॉल आमच्या सेटपेक्षा दीड फुटानं बुटका.
दत्तू सुतारानं नुसतं वर पाहिलं आणि करवत काढली.
"खालनं कापू का वरनं?"
वरनं काप म्हटलं,
खाली दार आहे, दारातनं माणसं यायचीत.

पाचला पंखे तपासले. एक चालू असला की कुरकुरतो,
बंद केला की प्रेक्षक.
साडेपाचला विंगेत चमकत्या पट्टीच्या फुल्या मारल्या,
अंधारात कुणी कुठं थांबायचं त्याच्या.
मग ट्रंकेवर बसून पत्र लिहायला घेतलं.

दुसऱ्या अंकात इंगवलेकाका एक पत्र वाचतात
आणि फाडतात.
म्हणजे मला रोज एक लिहावं लागतं.
पहिले वीसेक प्रयोग संहितेतलंच उतरवलं,
'तीर्थरूप बाबांस'पासून 'मी परतणार नाही'पर्यंत,
शुद्धलेखनासकट.
मग कळलं, काका बघतच नाहीत कागदाकडं.
सगळं पाठ, आणि नाटकातल्या चष्म्याला काचाच नाहीत.
तेव्हापासून वाट्टेल ते लिहीत आलो.
डिझेलचा हिशेब. ऑम्लेट-पाव अठरा.
एकदा सातवी 'ड'चा पट, हजेरी क्रमांकानं, आठवेल तितका.

त्या दिवशी लिहिलं:
आक्का,
सकाळी गाडी तुझ्या दवाखान्यावरून गेली.
खिडकीत हिरवा टॉवेल वाळत होता,
तुझा का दुसऱ्या कुणाचा.
पट्टी काढली का?
उजेडाकडं एकदम बघू नकोस.
माझा धंदाच आहे तो, मला विचार.
विट्याचा प्रयोग झाला की येतो.

प्रयोग एकशे तेरावा.
काकांनी पाकीट फोडलं,
"तीर्थरूप बाबांस," म्हणाले,
आणि थांबले.
पॉज त्यांचा मला ठाऊक आहे, चार आकड्यांचा असतो.
सहा झाले. नऊ झाले.
प्रॉम्प्टरची शिरतोडेबाई पान शोधायला लागली.
काकांनी कागद हातभर लांब धरला
आणि वाचायला सुरुवात केली,
जे होतं ते.

हिरव्या टॉवेलला तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.
मी विंगेत, हातात स्टॉपवॉच,
आणि अंगावर काही कपडे नसल्यासारखा.

कानात युनूस मुजावर, वर लाइटच्या खोलीतनं:
"मगदूमभाऊ, बेचाळीस नंबर 'परतणार नाही'वर आहे.
हे काय चाललंय?"
"थांब," म्हटलं.
"उजेडाकडं एकदम..." काका वाचत होते,
आणि आवाज त्यांचा नव्हता, शाळेत धडा वाचताना असतो तसा.
"...झाला की येतो."
"भाऊ, घेऊ का?"
शंभरावर प्रयोग मी त्याला शब्द देत आलोय.
त्या रात्री माझ्याकडं तेवढाच होता.
"घे," म्हटलं.
उजेड हळूहळू उतरला, वीस सेकंदांत,
आणि अंधारात कागद फाटल्याचा आवाज आला.

टाळ्या आल्या. कशाला, माहीत नाही.

साडेबाराला स्टेज झाडलं.
तुकडे गोळा करणं माझं काम,
हॉलवाले कचऱ्याची अनामत कापतात.
सात तुकडे. सातही कोरे.
पुन्हा टॉर्च मारून बघितलं, पाठपोट.

कपडे मोजताना
काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात
अर्धा कागद निघाला, चार घड्या घातलेला,
माझ्या अक्षराचा.
काका तोवर गाडीत, खिडकीला डोकं लावून,
तोंडावर अजून म्हातारपणाच्या दोन रेघा.
मी काही बोललो नाही. त्यांनीही झोपेचं सोंग सोडलं नाही,
आणि सोंगाची मला पारख आहे.

दत्तूनं ट्रकमध्ये दार आडवं लादलं, कापलेल्या बाजूनं.
मिरज इथनं तासाभरावर, दक्षिणेला.
विटा उत्तरेला.
आक्का नऊलाच झोपते, आता फोन करून उपयोग नाही.

सामानाच्या वहीत लिहिलं:
चष्मा एक. काठी एक. पाकीट एक, फाटलं.
पत्र एक,
आणि पुढच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
तेवढ्यात ड्रायव्हरनं आतला दिवा बंद केला.